"टाकी दोन महिने जाती, पर चूल कुठं बंद हाय?" : ऊर्जा, शेती आणि वापरावरच्या प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

मार्च संपत आला की माझ्या टेबलावर फायलींचा ढीग लागतो. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आणि आत सौर पंप, गोबर गॅस, ठिबक, गांडूळ खत, नाहीतर 'ग्रामीण कुटुंबांचा ऊर्जावापर'. मराठवाड्यातल्या कॉलेजांमध्ये हे प्रोजेक्ट तपासता तपासता एक गोष्ट लक्षात आली. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) येणारी पोरं ग्राफ आणि सूत्रं घोकून येतात आणि अडकतात भलतीकडेच. हे कधी मोजलं? कुणाला विचारलं? कशानं मोजलं? एवढं विचारलं की गाडी थांबते.

घरच्या इंधनाचंच बघा. एका विद्यार्थ्यासोबत परभणीजवळच्या एका गावात गेलो होतो. ओसरीवर घरमालक बसलेले. पोरानं फॉर्म काढून विचारलं, "काका, महिन्याला गॅस किती लागतो?" काका म्हणाले, "अर्धी टाकी लागत असंल." पोरानं लिहून घेतलं आणि 'स्वच्छ इंधन वापरणारे कुटुंब' या चौकोनात बरोबरची खूण केली. तेवढ्यात आतून आवाज आला, "आवो, टाकी दोन महिने जाती, पर चूल कुठं बंद हाय? भाकरी चुलीवर, अंगुळीचं पाणी चुलीवर. गॅसवर निस्ता चहा!" म्हणजे आकडा बरोबर होता, फक्त त्याचा अर्थ उलटा होता.

म्हणून हा प्रश्न स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच विचारा. 'महिन्याला किती' असं विचारू नका, कारण तसा हिशेब घरात कुणी ठेवत नाही. 'ही टाकी कधी लावली आणि आधीची कधी संपली' हे मात्र तिला नक्की सांगता येतं. सरपणाचा तर अंदाज विचारूच नका. सकाळी पऱ्हाट्या-तुराट्यांचा (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्यांचा) भारा काट्याला लावून वजन घ्या, 'उद्यापर्यंत यातलंच जाळा' म्हणून विनंती करा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेला भारा पुन्हा मोजा. असं सलग तीन-चार दिवस केलं की मिळतो तो आकडा खरा. साधा काटा स्वस्तात मिळतो.

सरपणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'पिकांचे अवशेष वाया जातात, त्यांपासून एवढी वीज होऊ शकते' असं मांडणारे प्रोजेक्ट दरवर्षी येतात. कपाशीचं क्षेत्र गुणिले एकरी पऱ्हाटी, की मेगावॅट तयार. अहो, त्यातल्या बऱ्याच पऱ्हाट्या चुलीत जातात, सोयाबीनचं भुसकट दावणीला जातं, आणि ज्वारीच्या कडब्याचा भाव तर दुष्काळात दाण्याच्या भावाशी बरोबरी करायला बघतो. आधी काय-काय कुठं जातं ते लिहा. शिल्लक राहील त्यावरच गणित करा.

सर्व्हेचा महिना

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे सविस्तर सांगतो. शिकत असताना मी डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या धारूरकडच्या दोन गावांत साठ फॉर्म घेऊन गेलो. घरोघरी कुलपं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते बाहेर पडतात, ते साखर कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. तिकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. गावात राहिलेली म्हातारी माणसं, थोडी लेकरं, दुकानदार आणि नोकरदार. मी काय केलं? कुलूप दिसलं की शेजारचं घर धरलं. साठ फॉर्म भरले, सरासरी काढली, आणि 'दरडोई ऊर्जावापर अपेक्षेपेक्षा वेगळा आढळला' असं झोकात लिहून टाकलं. वेगळा आढळणारच होता, कारण गावातली सगळ्यांत गरीब घरं माझ्या नमुन्यातच नव्हती. मार्गदर्शकांच्याही ते लक्षात आलं नाही. त्या फॉर्मांची आठवण आली की आजही कानकोंडं होतं.

बीडमध्ये सर्व्हे करायचा असेल तर जुलै ते सप्टेंबर या दिवसांत करा. हिवाळ्यातच करणं भाग असेल तर कुलूप असलेलं घर यादीतून काढू नका, 'बंद' अशी नोंद करून ठेवा. किती घरं बंद होती, हादेखील निष्कर्षच आहे.

आहारावर प्रोजेक्ट करणाऱ्यांनी पंचांगही बघावं. लातूरकडच्या एका विद्यार्थिनीनं 'काल दिवसभरात काय खाल्लं' असा सर्व्हे केला. तिच्या तक्त्यात डाळी, पालेभाज्या आणि बाजरी-ज्वारीचे आकडे इतके वर गेले होते की पोषणतज्ज्ञांनी टाळ्या वाजवाव्यात. तारीख बघितली तर येळवशीचा (वेळ अमावास्येचा) दुसरा दिवस. आदल्या दिवशी अख्खं गाव रानात बसून पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरी-ज्वारीचे उंडे आणि आंबिलीवर ताव मारून आलेलं! लातूर-धाराशिवच्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण फॉर्म हातात आला की माणूस आपलंच गाव विसरतो. सणाचे दिवस वगळा, किंवा एकाच घरात वेगवेगळ्या आठवड्यांत दोन-तीनदा जा. श्रावणात केलेल्या सर्व्हेवरून मांसाहाराचं अनुमान काढणारा नग अजून भेटायचा आहे, पण भेटेल.

गोबर गॅस: शेण कागदावर, जनावरं रानात

ठरलेलं गणित असं: एक जनावर, दिवसाला साधारण १० किलो शेण. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे पाच जनावरं. २ घनमीटर गॅस म्हणजे अदमासे ९०० ग्रॅम एलपीजी. झाला प्रोजेक्ट.

एका शेतकऱ्यानं आमच्या पोराला विचारलेला प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक बॅचला विचारतो. "ढोरं दिवसभर चरायला रानात. तितलं शेण कोण येचून आणणार, तुमचे सर का?" चरणाऱ्या जनावरांचं गोठ्यात मिळतं ते फक्त रात्रीचं शेण. त्यातून गोवऱ्या थापायच्या, आणि उरलेलं उकिरड्यावर टाकायचं, कारण पेरणीआधी शेणखत हवंच असतं. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. शेणाइतकंच पाणी कालवावं लागतं. रोज ५० लिटर. मे महिन्यात टँकरवर असलेल्या गावात ते कुठून येणार, या प्रश्नाला फायलीत एक ओळही नसते. गोठ्यातलं शेण आठवडाभर प्रत्यक्ष मोजा आणि संयंत्र मे महिन्यात आणि थंडीतही बघून या. थंडीत गॅस कमी होतो, हे ते वापरणारी कुठलीही बाई सांगेल.

सौर पंप

इथं सगळ्यांत जास्त घोळ होतो, आणि योजनांमुळे प्रोजेक्टही सगळ्यांत जास्त येतात. २०२४ ची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ एचपी असं ठरवते. विद्यार्थी हेच आकडे उचलतात आणि 'पाच एचपीचा पंप दिवसाला इतके लिटर' असं माहितीपत्रकातून उतरवून घेतात.

खरं गणित पाणी किती खोलवरून येतं यावर आहे. १,००० लिटर पाणी एक मीटर उचलायला भौतिकशास्त्राप्रमाणे २.७ वॅट-तास लागतात. मोटर, पंप आणि पाइपमधली गळती धरून एकूण कार्यक्षमता ४० टक्के समजा. दिवसाला २० युनिट (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास) हाती आले तर ६० मीटरवरून साधारण ४९ हजार लिटर येतील, आणि १५० मीटरवरून जेमतेम २० हजार. पंप तोच, ऊन तेच.

आता गंमत अशी की 'पाणी किती फुटांवर?' असं विचारलं की शेतकरी 'दोनशे' म्हणतो. ती मोटर बंद असतानाची पातळी. आपल्याकडे खाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ. पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठतं, त्यामुळे उपसा सुरू झाला की पातळी झपाट्यानं खाली जाते. तासाभरात बोअर गुळण्या टाकायला लागतं, म्हणजे पाणी थांबत-थांबत येतं. तुमच्या गणितात हवी ती मोटर चालू असतानाची पातळी. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार, अशा तीन वेळा पातळी मोजा, आणि दोनशे लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून टिपा. तीन ओळींची ही नोंद माहितीपत्रकाच्या दहा पानांना भारी आहे.

पॅनेलवरच्या वॅटच्या आकड्यानंही फसायला होतं. तो मोजतात १,००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि पॅनेलच्या पेशीचं तापमान २५ अंश असताना. हवेचं नव्हे, पेशीचं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४२ असताना पॅनेल सहज ६५ पर्यंत तापतं. दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट धरली तर १६ टक्के तिथंच गेले. वर धूळ. एका गटानं 'पॅनेल धुऊनही उत्पादन वाढत नाही' असा निष्कर्ष काढला होता. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं भर दुपारी धुतलेलं पॅनेल; पाणी उडालं आणि काचेवर पांढरा थर राहिला. पहाटे, गार काचेवर, शक्यतो साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं धुवा, पुसा, आणि मग तुलना करा.

विजेच्या पंपाशी तुलना करताना आणखी एक खड्डा आहे. अनेक कृषी जोडण्यांवर खरोखर वाचलं जाणारं मीटर नसतं, बिल एचपीवर निघतं. त्या बिलातून युनिट काढणं म्हणजे निव्वळ कल्पनाविलास. पंपाचे प्रत्यक्ष तास लागतात. रात्रपाळीची वीज असेल तर मालक झोपेत आणि ऑटो स्विचवर मोटर चालू, त्यामुळे 'किती तास चालवता' याचं उत्तर त्यालाही ठाऊक नसतं. तास मोजणारं छोटं यंत्र बसवा.

आणि 'पाणी वाचलं' हे वाक्य जरा दमानं लिहा. ठिबक केलं, एकरी पाणी कमी लागलं, मान्य. वाचलेल्या पाण्यावर शेजारचा एकर भिजला का? ऊस वाढला का? सौर पंपाला तर बिलाचाही धाक नाही. एका प्लॉटचं नव्हे, अख्ख्या विहिरीचं वर्षभराचं पाणी मोजा.

एका हंगामात वाढलेला सेंद्रिय कर्ब

फायलीत 'गांडूळ खत व शेणखताच्या वापराने सेंद्रिय कर्ब ०.४५ वरून ०.६२ टक्के' असं दिसलं की मी पेन बाजूला ठेवतो आणि पोरांना बेरीज-वजाबाकी करायला लावतो. (सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या काडी-कचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन.) एक हेक्टर, १५ सेंटीमीटर खोली, मातीची घनता १.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरली तर माती झाली साडेएकोणीस लाख किलो. त्यात ०.१७ टक्के वाढ म्हणजे ३,३०० किलो कर्ब. तुम्ही टाकलं काय? हेक्टरी ५ टन खत. त्यात निम्मं पाणी, उरलेल्यातही कर्बाचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून कमी. म्हणजे टाकलाच एक टनाच्या आत, आणि त्यातलाही बराच काही महिन्यांत कुजून हवेत गेला. मग उरलेला आला कुठून?

आला नमुन्यातून. पहिला नमुना भेगाळलेल्या काळ्या रानातून उन्हाळ्यात, दुसरा काढणीनंतर ओलीत. पहिला वीस सेंटीमीटरवरचा, दुसरा वरवरचा, आणि त्यात न कुजलेल्या खताचे तुकडे. एखाद्यानं तर बांधाजवळ, जिथं उकिरड्याचा ढीग होता, तिथंच खुरपं मारलेलं असतं. नमुना घेताना तोच महिना, तीच खोली, त्याच जागा ठेवा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेऊन कडेची माती सारख्या जाडीनं काढा, झाड, विहीर, बांध, गोठा टाळा, आणि काडी-कचरा वेचूनच चाळा. एका हंगामात फरक दिसला नाही तर तसं लिहा. गुण कापले जात नाहीत, निदान माझ्याकडे तरी नाही.

प्लॉटबद्दल थोडक्यात. एका प्लॉटमधून तीन नमुने काढले म्हणजे तीन पुनरावृत्त्या होत नाहीत. प्रत्येक पद्धतीचे वेगवेगळे तीन-चार प्लॉट हवेत, चिठ्ठ्या टाकून वाटलेले. कडेच्या ओळी वजनात धरू नका. रुंद सरी-वरंब्याची तुलना करताना सपाट प्लॉट चिबडणाऱ्या रानात आणि वरंबा निचऱ्याच्या रानात, असं 'योगायोगानं' घडू देऊ नका. सोयाबीनचं वजन ओलाव्यासकट लिहा. १८ टक्के ओलाव्याचे १० किलो म्हणजे १२ टक्क्यांना ९.३ किलोच.

आधी कधी आणि नंतर कधी

'प्रकल्पापूर्वी' आणि 'प्रकल्पानंतर' अशा दोन रकान्यांचे तक्ते सगळ्यांना आवडतात. जलयुक्त शिवार, म्हणजे राज्य सरकारचं जलसंधारणाचं अभियान, डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. २०१५ चा पावसाळा कोरडा गेला, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि त्याच २०१६ च्या पावसाळ्यात धो-धो बरसलं. २०१५ ला आधी आणि २०१६ ला नंतर धरलंत, तर बंधारा बांधा नाहीतर पार बांधा, विहिरींची पातळी वाढलेलीच दिसणार. उलट सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत रानं खरवडून गेली. ते वर्ष 'नंतर' धरलं तर चांगली पद्धतही नापास. जिथं काम झालं नाही असं शेजारचं गाव घ्या आणि दोन्हीकडची तीच वर्षं बघा. विहिरींच्या पातळ्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे वर्षांमागून वर्षांच्या मिळतात, पावसाचे आकडे महसूल मंडळनिहाय मिळतात. जिल्ह्याची सरासरी घेऊ नका, एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात पाठ फिरवतो तो पाऊस आपलाच आहे.

राहिली ती नोंदवही. शेतकरी जे बोलतो तेच आणि त्याच मापात लिहा, रूपांतर घरी करा. परवा एका फायलीत सोयाबीनचं उत्पादन एकरी 'चार क्विंटल' होतं. मूळ वही मागवली तर त्यात 'आठ कट्टे' (पोती) लिहिलेलं, आणि पोरानं कट्टा ५० किलोचा धरलेला. त्या गावात भरतात साठचा. तुमच्याही वहीत कट्टे असतील, आणि कट्टा किती किलोचा हे विचारायचं राहिलं असेल, तर आजच फोन लावा. एकदा लग्नसराई सुरू झाली की काका फोन उचलणार नाहीत.