जुनी मोटार घरी आणताना या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसडर किंवा विलिस जीप डोळ्यांत भरली की माणूस आधी रंग पाहतो आणि मग किंमत विचारतो. बहुतेक चुकांची सुरुवात इथेच होते. ठाणे आणि नवी मुंबई खाडीकाठी वसलेली असल्याने इथली हवा वर्षभर दमट असते आणि चार महिने पाऊस असतो, त्यामुळे ताज्या रंगाखाली लांबी (खड्डे बुजवणारी पुटी) भरून झाकलेला गंज हा इथला सर्वांत मोठा धोका आहे. पद्मिनी आणि ॲम्बॅसडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चेसी, म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र चौकट, नाही. सगळा भार पत्र्याचा सांगाडाच पेलतो, म्हणून पायाखालचा किंवा दाराखालचा पत्रा सडला तर तो केवळ दिसण्याचा दोष राहत नाही, गाडीचा कणाच खचतो. व्यवहारापूर्वी छोटे लोहचुंबक कापडात गुंडाळून चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडांवर फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे असे समजावे. गाडी जॅकवर उचलून दारे उघडून पाहावीत, आणि ती अडकू लागली तर सांगाडा कमकुवत झाला आहे असे समजून सौदा सोडून द्यावा, मग गाडी कितीही देखणी असो.

गाडी घरी आल्यावर सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये ती प्लॅस्टिकच्या कव्हरखाली पावसाळाभर झाकून ठेवणे ही त्याच जातीची चूक आहे, कारण जमिनीतून येणारी वाफ आत कोंडते आणि पत्रा आतून सडत जातो. हवा खेळेल असे कव्हर वापरावे आणि दारांच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवावीत.

कागदपत्रांत घोळ होतो तो ‘व्हिंटेज’ या शब्दाच्या सैल वापरामुळे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि चेसी, बॉडी व इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. अशी गाडी रोज कामावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. १९८५ ची पद्मिनी या व्याख्येत बसत नाही, तिच्या नोंदणीचे नूतनीकरण १५ वर्षांहून जुन्या इतर खासगी गाड्यांप्रमाणे दर ५ वर्षांनी करावे लागते. आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) इंजिन आणि चेसी क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर वाचून जुळवल्याशिवाय विसार देऊ नये. ॲम्बॅसडरला परस्पर दुसरे डिझेल इंजिन बसवणे किंवा जुन्या ट्रकचा सांगाडा हवा तसा कापणे कितीही आकर्षक वाटले, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल अडचणीत आणतो, आणि गाडीचे मूळपणही कायमचे जाते. माझ्या मते हे दुसरे नुकसान अधिक मोठे आहे.

घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत तापलेली गाडी बंद पडली की पुष्कळ जण बॅटरी किंवा ठिणगी पाडणारी कॉइल बदलत बसतात. बहुतेक जुन्या गाड्यांचा इंधन पंप इंजिनलाच जोडलेला असल्याने उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते आणि हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरपर्यंत इंधन पोचत नाही. बॉनेट उघडावे, पंपावर ओले फडके ठेवावे आणि थोडा वेळ थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. हा त्रास वारंवार होत असेल तर रेडिएटर साफ करून घ्यावा आणि इंधनाची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर न्यावी. इंजिनचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो, पण तो मानू नये, कारण इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते.

पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतील इंधन पंपाचा पडदा खराब करते आणि हवेतील ओलावा शोषून टाकीला गंज आणते, म्हणून हे भाग इथेनॉल सोसणारे बसवावेत आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून स्टार्ट देण्यापूर्वी ते तपासून घ्यावे.