सुट्टीत पाहिलेला पिक्चर दुसऱ्याला कसा सुचवावा

जूनमध्ये शाळा उघडली की मराठीच्या पहिल्या तासाला मी निबंध घालत नाही. 'मी सुट्टी कशी घालवली' हा विषय मुलांना इतका पाठ झालाय, की न गेलेल्या मामाच्या गावाला जाऊन, न खाल्लेले आंबे खाऊन ती पानभर लिहून देतात. त्याऐवजी मी सांगते, सुट्टीत पाहिलेला एक पिक्चर शेजारच्याला सुचवा. मग गंमत सुरू होते. एक जण म्हणतो, "बाई, लय भारी होता, एक नंबर." कशावर होता रे? "भारीच होता बाई, बघाच तुम्ही." दुसरी उभी राहते ती पहिल्या दृश्यापासून शेवटच्या पाटीपर्यंत अख्खी गोष्ट सांगूनच खाली बसते. तास संपतो आणि तो पिक्चर बघायचं कारणही संपतं.

मोठ्यांची तऱ्हा काही वेगळी नाही. दिवाळीच्या तोंडावर घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "मुलांसाठी चांगले पिक्चर सुचवा." तासाभरात पंचवीस नावं जमतात, खाली दोन-चार अंगठे आणि जोडलेले हात. त्यातला एकही पिक्चर कुणी लावत नाही. पंचवीस नावं ही वाण्याची यादी झाली. सुचवायचं असतं एका माणसाला, एका वेळी एक. सातवीच्या वर्गात हा तास घेत घेत मला जी पद्धत सापडली, ती इथे देते. मुलांना जमते, म्हणजे मावशी-काकांनाही जमायला हरकत नाही.

त्याच रात्री दोन ओळी लिहा

पिक्चर पाहिला त्याच रात्री वहीच्या मागच्या पानावर त्याचं नाव, तो कुणाबरोबर पाहिला आणि त्यातलं एक दृश्य, एवढं लिहून ठेवा. पाचपैकी चार तारे वगैरे देऊ नका. ऑगस्टमध्ये ते चार तारे वाचून काहीही आठवत नाही. याउलट "रात्र, पाऊस, बसस्टॉप. मोठ्या बहिणीच्या पाठीवर धाकटी झोपलीये आणि शेजारी भलंमोठं केसाळ कुणीतरी येऊन उभं राहिलंय" एवढं लिहिलेलं असलं, की 'माय नेबर टोटोरो' हा १९८८चा जपानी पिक्चर डोळ्यांसमोर पुन्हा सुरू होतो. दुसऱ्याला सांगायलाही पुढे हेच दृश्य उपयोगी पडतं.

कुणाबरोबर पाहिला हे कशाला, असं मुलं विचारतात. आजीबरोबर पाहिलेला आणि आजीही शेवटपर्यंत जागी राहिलेली, ही माहिती लहान नाही.

मग पंधरा दिवस काही करू नका

बघून उठल्या उठल्या जो सगळ्यांत भारी वाटतो, तोच नंतर टिकतो असं नाही. पंधरा दिवस जाऊ द्या. वही न उघडता, भांडी लावताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर जो आपोआप आठवतो तो सुचवण्यालायक. माझ्या वर्गातल्या एकानं एका मे महिन्यात चौदा पिक्चर पाहिले होते. त्यातला एकच आठवत होता, तोही मध्येच लाइट गेली म्हणून. तसला धरायचा नाही.

समोरचा कोण आहे ते विचारा

इथे बहुतेक जण घसरतात, मीही घसरले आहे. 'श्वास' मला अतिशय आवडलेला पिक्चर. संदीप सावंत यांचा, २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, पुढे ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेला. कोकणातले आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात घेऊन येतात, तिथून गोष्ट सुरू होते. एका दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या उत्साहानं तो मी माझ्या बहिणीच्या मुलाला लावून दिला. वय वर्षं नऊ. पुढचे चार दिवस तो एक डोळा झाकून घरभर भिंतींना हात लावत फिरत होता. रात्री माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंन, "मावशी, माझे डोळे नीट आहेत ना गं?" बहिणीनं मला काय काय ऐकवलं ते सोडून देते. पिक्चरची काहीच चूक नव्हती. मी माझ्या आवडीचा निवडला होता, त्याच्या नव्हे.

तेव्हापासून सुचवण्याआधी मी विचारून घेते: शेवटी कुठला आवडला होता? कंटाळून मध्येच कुठला सोडलास? आणि बरोबर कोण बसणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा 'धाकटा भाऊ' असं असतं आणि निवड तिथेच बदलते.

वडिलांच्या किंवा आईच्या बदलीमुळे नव्या शाळेत आलेलं मूल दर वर्षी वर्गात एखादं तरी असतं. त्याला मी 'किल्ला' सांगते. अविनाश अरुण यांचा हा पिक्चर २०१४मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर घेऊन आला. तिथे निवड मुलांचेच परीक्षक मंडळ करते, हे कळलं की माझी सातवी जरा ताठ बसते. पण नव्या मुलाला मी पुरस्काराचं सांगत नाही. सांगते, "चिन्मयचे वडील गेलेत, आईची बदली झालीये, पुण्याहून कोकणातल्या गावात आलाय. वर्गातली पोरं त्याला आत घेतायत की बाहेर ठेवतायत, हेच त्याला कळत नाहीये." एवढं पुरतं.

अडचण सांगा, सुटका सांगू नका

सगळी कला इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू. 'एलिझाबेथ एकादशी' घ्या, परेश मोकाशी यांचा, २०१४चा. मुलं तो तीन प्रकारे सुचवतात.

पहिला प्रकार: "एक मुलगा असतो, त्याची सायकल असते, मग ते दुकान लावतात, मग असं होतं, मग तसं होतं, आणि शेवटी..." इथे मी खडू आपटते.

दुसरा प्रकार हुशार मुलांचा, पुरवण्या वाचणाऱ्यांचा: "नातेसंबंधांवर हळुवार भाष्य करणारी हृदयस्पर्शी कलाकृती." ही ओळ उचलून कुठल्याही पिक्चरला चिकटवा, बसते. म्हणून ती कुणाच्याच कामाची नाही.

तिसरा असा: "पंढरपूर. कार्तिकी एकादशी तोंडावर आलीये. ज्ञानेशकडे एक सायकल आहे, वडिलांनी स्वतःच्या हातानं बनवलेली. तिचं नाव एलिझाबेथ. वडील आता नाहीत. आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवायची, पण कर्ज थकलं म्हणून मशीन गेलंय, आणि ते सोडवून आणायला सायकल विकायची वेळ आलीये. मग ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण झेंडू आईच्या नकळत यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडायचं ठरवतात." बस, इथे तोंड बंद.

यात गाव आहे, दिवस आहे, वस्तू आहे, अडचण आहे. पोरांनी काय ठरवलं तेही आहे. जमलं की नाही, ते नाही. माझा साधा नियम असा, की सुरुवातीच्या अर्ध्या तासात कळतं त्याच्यापुढचं काही बोलायचं नाही. सायकलीला एलिझाबेथ हे नाव का, हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतंच. त्याचंही उत्तर द्यायचं नाही. तो प्रश्न घेऊन मूल घरी गेलं, तर रात्री पिक्चर लागतो.

मजिद मजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा १९९७चा इराणी पिक्चर मी दर वर्षी याच पद्धतीनं सांगते. भाऊ बहिणीचे बूट चांभाराकडून शिवून आणतो आणि वाटेत हरवून बसतो. घरी सांगायची सोय नाही, नवे घ्यायला बापाकडे पैसे नाहीत. बहिणीची शाळा सकाळची, भावाची दुपारची. म्हणजे आता दोघांत मिळून एकच जोडी. एवढं बोलून मी फळा पुसायला वळते. एकदा मागून आवाज आला, "पण बाई, तिची शाळा सुटायला उशीर झाला तर?" दुसरा म्हणाला, "धावत येत असेल ना ती." तिसरीनं विचारलं, "बूट तिला मोठे होत नसतील का?" ऐकणारे स्वतःच गोष्ट पुढे ढकलायला लागले, की तुमचं काम झालं.

खोड आधीच सांगून टाका

पिक्चर संथ असेल तर तसं सांगा: "पहिली वीस मिनिटं दम धर." सांगितलं नाही तर पाचव्या मिनिटाला रिमोट हलतो आणि पुढच्या वेळी तुमचा शब्द कुणी धरत नाही.

भाषा परकी असेल तर खालच्या ओळी वाचाव्या लागतील हेही सांगा. तिसरीतल्या मुलाला तेवढ्या वेगानं वाचता येत नाही. मोठ्या कुणीतरी शेजारी बसून मराठीत सांगत राहायचं. 'चिल्ड्रन ऑफ हेवन'मध्ये बोलणं बेताचंच असल्यामुळे ते निभतं.

आणि रडू येणार असेल तर तेही. मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' (२००८) घरी जनावर असलेल्या मुलांना फार जवळचा वाटतो. टिंग्याच्या लाडक्या बैलाचा पाय जायबंदी झालाय, शेतकरी बापाला तो पोसणं परवडत नाही आणि पोराला तो कसायाला द्यायचा नाही. पण ज्याचं कुत्रं गेल्याच महिन्यात गेलं, त्याला हा आत्ता सुचवू नका. सुरुवातीला पडद्यावर दिसणाऱ्या सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून हे कळत नाही. २०२४पासून 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या गटाचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, त्यामुळे वयाचा अंदाज पूर्वीपेक्षा बरा येतो. तो बघाच. मात्र अमक्या मुलाला या घडीला काय झेपेल, हे तुम्हीच ओळखायचं.

साल सांगायला विसरू नका

नुसतं नाव देऊन भागत नाही. 'श्यामची आई' शोधायला गेलात तर दोन सापडतील. एक आचार्य अत्र्यांचा १९५३चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा, आणि दुसरा २०२३चा. दोन्ही कृष्णधवल, त्यामुळे गोंधळ आणखीच. 'किल्ला' शोधता शोधता एका पालकांना दिलीपकुमारचा १९९८चा हिंदी 'किला' मिळाला होता आणि त्यांनी तो मुलाला बसवून निम्मा दाखवलाही. म्हणून नाव, साल, भाषा, दिग्दर्शक, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. लांबीही लिहा. शाळा सुरू झाल्यावर दीड तास सापडतो, तीन तास रविवारीच. कुठल्या ॲपवर आहे ते मात्र त्याच दिवशी बघून सांगा, कारण आज असलेला पिक्चर महिन्याभरात तिथून उठलेला असतो. आणि कुणीतरी पाठवलेल्या चोरट्या लिंका पुढे ढकलू नका. अर्ध्या पडद्यावर जाहिराती घेऊन 'टोटोरो' बघण्यात काही मजा नाही.

एकदाच विचारा

सुचवून झालं की "बघितलास का? बघितलास का?" असा तगादा लावायचा नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा विचारायचं. बघितला नसेल तर विषय सोडा. बघितला आणि आवडला नसेल तर वाद घालू नका, "तुला कळलाच नाही" हे तर अजिबात म्हणू नका. फक्त विचारा, "कुठपर्यंत पाहिलास?" या उत्तरातून पुढच्या वेळी काय सुचवायचं ते कळतं. पंधराव्या मिनिटाला उठलेल्याला वेग हवा असतो. शेवटच्या अर्ध्या तासात उठलेल्याला बहुधा ते दुःख सोसवलेलं नसतं.

आणि देवाणघेवाण ठेवा. तुम्ही एक सांगितलात तर त्याचाही एक बघा. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एकाला मी 'किल्ला' दिला. त्यानं वीस मिनिटांत सोडला. म्हणाला, "बाई, त्यात काहीच होत नाही." मग मी त्याला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' सांगितला. कर्ज काढून, घरातलं सामान विकून, वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित करत बसणाऱ्या फाळक्यांचा. तो त्यानं पूर्ण पाहिला आणि खिडकीत मूग पेरून रोज मोबाइलवर फोटो काढायला लागला. बदल्यात त्यानं मला त्याचा आवडता पिक्चर दिला. त्यात गाड्या हवेत उडतात आणि नायक एका हातानं हेलिकॉप्टर थांबवतो. शब्द दिला होता म्हणून मी शनिवारी रात्री बसले.

सोमवारी हजेरी घेतानाच त्यानं हात वर केला.

"बाई, पाहिलात?"

"पाहिला की."

"कुठपर्यंत पाहिलात?"