मॅनिफोल्डचा गंजलेला नट सोडवताना

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) नट हलत नसेल तर पान्यावर पाइप चढवून जोर लावू नका. स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) सिलिंडर हेडमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातच तुटला तर ड्रिल मारून काढत बसावं लागतं. आदल्या रात्री, इंजिन पूर्ण गार असताना, वायर ब्रशने आटे घासून गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी पुन्हा मारा. सॉकेट सहा कोनीच घ्या, बारा कोनी घसरतं आणि नटाचे कोपरे खातं. आधी किंचित आवळा, ‘कट्’ आवाज आला की सोडवायला घ्या. मध्येच जड लागला तर मागे-पुढे करत, तेल सोडत या. नटाबरोबर अख्खा स्टडच बाहेर आला तरी चालेल, नवा बसवा. तेल मारलेल्या जागी ब्लोटॉर्चची ज्योत मात्र अजिबात नको!