चीट कोड टाकताय? आधी सेव्हची कॉपी करा आणि या चुका टाळा

"मामा, सगळे गेले."

मेच्या सुट्टीतली दुपार होती. भाच्याने माइनक्राफ्ट या गेममध्ये तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वराचं देऊळ बांधलं होतं. काठावर गाव, गावात गाई, भिंतींवर चित्रं. रात्री झॉम्बी येऊन गावकऱ्यांना छळत होते, म्हणून त्याने एक कमांड टाकली आणि एका क्षणात गाव ओस पडलं.

"काय टाकलास बे?"

"/किल @ई. ई म्हणजे एनिमी ना?"

ई म्हणजे एनिमी नव्हे, एंटिटी. माइनक्राफ्टमध्ये ठोकळे सोडले तर जवळपास जे जे आहे ते एंटिटी असतं: गावकरी, गाई, होडी, जमिनीवर पडलेलं सामान, भिंतीवरचं चित्र, आयटम फ्रेम आणि तुम्ही स्वतःसुद्धा. त्या वेळी लोड झालेल्या भागातलं हे सगळं जातं, आणि या कमांडला परतीची वाट नाही. पोरगं जेवलं नाही त्या दिवशी. झॉम्बीच मारायचे असतील तर '@ई'ला लागूनच चौकोनी कंसात 'टाइप=झॉम्बी' लिहायचं. त्याहून सोपं म्हणजे सेटिंगमध्ये डिफिकल्टी घटकाभर पीसफुल करायची. झॉम्बी, सांगाडे, क्रीपर आपोआप नाहीसे होतात, गावाला धक्का लागत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. सुट्टी लागली की निम्मी पोरं "गेम बिघडला" म्हणून लॅपटॉप घेऊन येतात, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा मशीन ठणठणीत असतं. कोड चुकलेला असतो, किंवा कोड बरोबर असतो पण सेव्ह (खेळ कुठवर आला ते जपून ठेवणारी फाइल) चुकलेलं असतं. ही दुसरी तक्रार जास्त जिव्हारी लागते, म्हणून तिच्यापासून सुरू करतो. (खाली कमांड आणि कोड देवनागरीत लिहिलेत. टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

कोड टाकून त्याच सेव्हवर सेव्ह करणं

चीट कोड हे मुळात खेळणाऱ्यासाठी नव्हतेच. १९८६ साली 'ग्रेडियस' हा गेम निन्टेन्डोच्या घरगुती मशीनवर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळावा लागत होता, आणि गेम फार अवघड होता. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए असा क्रम घातला. तो तसाच राहून गेला आणि 'कोनामी कोड' म्हणून जगभर पोचला. डेव्हलपर कन्सोल, म्हणजे गेममध्ये कमांड टाइप करायची चौकट, तिचंही तेच. गेम बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी ठेवलेलं ते मागचं दार आहे. चाचणी करणारा माणूस सेव्ह फेकून देतो, पुढच्या वेळी नव्याने सुरू करतो. आपण मात्र त्याच सेव्हवर पुढचे तीन महिने खेळणार असतो.

कोड तीन जातींचे असतात. काहींचं काम तिथल्या तिथे संपतं. 'जीटीए: सॅन अँड्रियास' या गेममधला हेसोयाम घ्या: तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर मिळाले, विषय संपला. काही दिव्याच्या बटनासारखे चालू-बंद होतात. तिसरे सेव्हमध्ये मुरतात. त्याच सॅन अँड्रियासमधला 'स्टेट ऑफ इमर्जन्सी' हा दंगलीचा कोड या तिसऱ्या जातीचा. तो बंद करता येत नाही. टाकून सेव्ह केलंत की त्या सेव्हमध्ये शहर कायमचं पेटलेलं राहतं, आणि मिशनमध्ये ज्याला वाचवायचं तो माणूस रस्त्यावरच्या मारामारीत मरतो. त्याआधीच्या जीटीएतला, म्हणजे व्हाइस सिटीतला, 'फाइट फाइट फाइट' याच पंगतीतला.

शाळेत असताना मी ज्या सायबर कॅफेत जायचो तिथे वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलेले कोड हातोहात फिरायचे. सॅन अँड्रियासला सेव्हचे आठ स्लॉट आहेत आणि मशीनवर पोरं बसायची तीस. एकाने गंमत म्हणून दंगल लावली आणि माझ्या स्लॉटवर सेव्ह केली. सहा आठवड्यांचा खेळ होता, खाऊच्या पैशांतला. हे कुणी केलं ते मला कधीच कळलं नाही, पण तेव्हापासून कॉपी करून ठेवल्याशिवाय मी कन्सोल उघडलेला नाही.

माझे वडील यंत्रमागावर होते. जेकॉर्डवर चादर विणताना नक्षीच्या पुठ्ठ्यात एक भोक चुकीचं पडलं, तर चूक तेवढ्यापुरती राहत नाही. नक्षी फिरून आली की तीही फिरून येते. दिसली की ते आधी माग थांबवायचे, कापड मागाहून बघायचे. सेव्हचं अगदी तसंच आहे. काहीतरी विचित्र दिसलं की पहिलं काम म्हणजे सेव्ह न करता बाहेर पडणं. ऑटोसेव्ह असलेल्या गेममध्ये कोड टाकण्याआधीच ते बंद करून ठेवा.

कॉपी कशी करायची? माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत, जावा आणि बेडरॉक. कॉम्प्युटरवरच्या जावामध्ये जगाच्या यादीत 'एडिट' दाबलं की 'मेक बॅकअप' असं बटन आहे. मोबाइलवरच्या बेडरॉकमध्ये जगाच्या सेटिंगमध्ये 'कॉपी वर्ल्ड'. सॅन अँड्रियास पीसीवर असेल तर डॉक्युमेंट्समधलं त्याच्या नावाचं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवा. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर सेव्ह चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते. कॉपी असेल तर फार तर अर्ध्या तासाचा खेळ जातो.

कन्सोल उघडतच नाही

बहुतेक पीसी गेममध्ये कन्सोलची कळ म्हणजे एस्केपच्या खाली, १ च्या डावीकडे असलेली टिल्डची कळ. छोट्या गेमिंग कीबोर्डवर ती एस्केपमध्येच दडलेली असते, मग एफएन धरून दाबावी लागते. व्हॉल्व्ह कंपनीच्या गेममध्ये, म्हणजे काउंटर-स्ट्राइक, हाफ-लाइफ वगैरे, सेटिंगमध्ये 'डेव्हलपर कन्सोल' आधी चालू करावा लागतो. आणि जुन्या जीटीएमध्ये कन्सोल नसतोच. चौकट शोधत बसू नका, खेळ चालू असतानाच अक्षरं टाइप करायची. पॉज करून टाइप केलेलं फुकट जातं.

पण आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण वेगळंच आहे: कीबोर्ड मराठीत राहिलेला असतो. घरात कुणीतरी अर्ज टाइप केलेला असतो, भाषा तशीच, आणि पोरगं गेम लावतं. इन्स्क्रिप्ट चालू असताना माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये '/गिव्ह'ची इंग्रजी बटनं दाबा, पडद्यावर 'युगना' उमटतं. एकाने मला तो शब्द कागदावर लिहून आणला होता, व्हायरसचं नाव आहे का विचारायला. विंडोजची कळ धरून स्पेस दाबा, भाषा इंग्रजी करा, झालं. फॉरमॅट मारायला पैसे देण्याआधी हे एवढं बघाच.

लाल ओळ न वाचणं

कमांड चुकली की माइनक्राफ्ट जावा लाल अक्षरांत सांगतं आणि कुठे अडलं तिथे बाणही दाखवतं. पोरं ती ओळ बंद करून तीच कमांड परत टाकतात. पुष्कळदा कमांड जुन्या व्हिडिओतली असते. '/गेममोड १' हे जावामध्ये २०१८ च्या १.१३ आवृत्तीपासून चालत नाही, 'क्रिएटिव्ह' हा शब्दच लिहावा लागतो. बेडरॉकमध्ये मात्र आकडा अजून चालतो. म्हणजे मित्राच्या मोबाइलवर चाललं ते तुमच्या लॅपटॉपवर चालेलच असं नाही. पाठ करण्यापेक्षा टॅब दाबा, गेम स्वतः पर्याय सुचवतो.

काउंटर-स्ट्राइक किंवा हाफ-लाइफ २ मध्ये 'नोक्लिप' (भिंतीतून आरपार जाण्याची कमांड) चालत नसेल तर आधी 'एसव्ही_चीट्स १' टाकलंय का बघा. मधली ती अंडरस्कोर आहे, डॅश नव्हे. आणि यातला 'एसव्ही' म्हणजे सर्व्हर. दुसऱ्याच्या सर्व्हरवर तुमच्या म्हणण्याने ते चालू होणार नाही.

स्कायरिममध्ये हात जपून

स्कायरिम या गेमचा कन्सोल सगळ्यात ताकदवान, म्हणून सगळ्यात धोक्याचा. खरं तर त्याचा चांगला उपयोगही मी इथेच बघितलाय. खडकात अडकलात तर 'टीसीएल' टाका, भिंतीतून बाहेर या. फक्त परत 'टीसीएल' टाकताना पाय जमिनीजवळ हवेत, नाहीतर उंचावरून कोसळून मराल.

वस्तूंचे क्रमांक सोळाच्या गणितातले असतात, म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ. त्यात ओ हे अक्षर कधीच नसतं, ते शून्यच असतं. क्रमांकाच्या सुरुवातीला दोन एक्स दिसले तर ते तसेच टाइप करायचे नाहीत. त्या जागी ते डीएलसी (गेमला नंतर जोडलेला जादा भाग) तुमच्याकडे कितव्या क्रमाने लोड होतं तो आकडा येतो.

'डिसेबल' ही वस्तू नाहीशी करणारी कमांड टाकण्याआधी पडद्यावर कुठल्या वस्तूचं नाव दिसतंय ते वाचा. पुष्कळदा क्लिक दरवाज्यावर न पडता समोरच्या न दिसणाऱ्या धुक्यावर पडतो. चुकून भलतीच वस्तू गेली तर दुसरीकडे क्लिक न करता लगेच 'एनेबल'. तिचा क्रमांक लिहून ठेवला नसेल आणि निवड सुटली, तर ती परत आणणं फार कठीण.

क्वेस्ट, म्हणजे गेममधली कामगिरी, अडकला की पोरं 'सेटस्टेज' टाकून थेट शेवटच्या टप्प्यावर उडी मारतात. मधल्या टप्प्यांवर दार उघडणं, माणूस हलवणं अशी कामं बांधलेली असतात. ती झालीच नाहीत तर क्वेस्ट 'पूर्ण' दिसतो आणि पुढचा कुलूपबंद राहतो. 'गेटस्टेज'ने आपण कुठे आहोत ते बघा आणि एकच टप्पा पुढे सरका. 'सीएक्यूएस' मात्र कधीच नको. ती कमांड गेममधले सगळे क्वेस्ट एका दमात पूर्ण करते. पुढे खेळायला काही उरत नाही, आणि ते सेव्ह दुरुस्त होत नाही.

पदकं

माइनक्राफ्ट बेडरॉकमध्ये एकदा चीट्स चालू केले की त्या जगाची अचिव्हमेंट्स कायमची बंद, नंतर चीट्स बंद करूनही परत येत नाहीत. कोड खेळायचे तर जगाच्या कॉपीवर खेळा.

जिथे कोड नाहीच, तिथे शोधणं

जीटीए ५ च्या कथेत पैशाचा कोड नाही. हे मी इतक्या पोरांना सांगितलंय, तरी दर महिन्याला कुणीतरी "लपवलेला मनी कोड" म्हणून काहीतरी डाउनलोड करून येतो. त्या फाइलने आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेलं असतं. तिथेच थांबायला हवं होतं. मोबाइलवरच्या ऑनलाइन गेममध्ये तर पैसे आणि स्किन कंपनीच्या सर्व्हरवर असतात, तुमच्या फोनमध्ये काहीही टाइप केलं तरी ते वाढत नाहीत. मॉड केलेली, म्हणजे कुणीतरी आतून बदललेली, ॲप्स घेतलीत तर खातं बॅन होतं. व्हॉल्व्हच्या सुरक्षित सर्व्हरवर बाहेरचं चीट सॉफ्टवेअर पकडलं गेलं तर बंदी कायमची असते.

यातलं सगळ्यात वाईट मी बघितलं ते एका टॉवेल कारखान्यातल्या कामगाराच्या घरी. मुलाने गेममधल्या "फ्री डायमंड"साठी वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी सांगितला आणि पगार गेला. मुलाला मार बसला, पण फोनवर कुणीही तातडीने तक्रार केली नाही, कारण कुठे करायची तेच माहीत नव्हतं. सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० आहे. इंग्रजांनी शहरावर लादलेल्या मार्शल लॉचं साल म्हणून सोलापुरात हा आकडा घराघरात ठाऊक आहे. पैसे गेल्याचं कळताच, मुलाला रागावण्याच्याही आधी, तिथे फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त असते.

भाच्याचं गाव आम्ही परत वसवलं. गावकरी स्पॉन एगने (प्राणी-माणसं आणायची गेममधली अंडी) आणले, गाई शेजारच्या रानातून हाकत आणल्या, चित्रं एकेक करून टांगली. दोन रविवार गेले. आता त्याच्या यादीत तेच जग दोनदा दिसतं, एक खेळायचं आणि दुसऱ्याच्या नावापुढे त्याने स्वतः लिहिलंय: 'कोड इथे'.