गंधक कुठलं, हे आकड्याआधी दगडाला विचारा

तासगावच्या आमच्या द्राक्षबागेत भुरीसाठी गंधकाची धुरळणी असायची, त्यामुळे गंधक माझ्या नाकाला लहानपणापासूनच ओळखीचं. आता सांगलीत भूशास्त्र शिकवतो. इथे पायाखाली सगळा बसाल्ट, म्हणून वर्गात नमुना राजस्थानातल्या जावरचा: डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडातलं, गंधकाशी बांधलेलं शिसं-जस्त. पोरं विचारतात, "सर, यातलं गंधक आलं कुठून?"

आधी पॉलिश केलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पायराइटचे (लोखंड-गंधकाच्या खनिजाचे) तुतीसारखे बारीक गोळे बहुधा आधीचे, त्यांच्यावर चढलेले चौकोनी स्फटिक नंतरचे. दोन्हींची भुकटी एकत्र झाली की आकडा कुणाचाच राहत नाही. मी स्वतः एकदा गॅलेना (शिसं-गंधकाचं खनिज) कोरून झाल्यावर ड्रिलचं टोक न पुसता स्फॅलेराइटला (जस्त-गंधकाच्या खनिजाला) लावलं. आठवडाभराचं काम पाण्यात. दर खेपेला टोक अल्कोहोलने पुसा.

मिलिग्रॅमहून कमी भुकटी कथलाच्या पुडीत, व्हॅनेडियम पेंटॉक्साइडसोबत घालतात. ती हजार अंशांच्या आसपास जाळली की सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यातलं गंधक-३४ व गंधक-३२, म्हणजे गंधकाचे जड आणि हलके अणू, यांचं गुणोत्तर मोजतो. ते कॅन्यन डायब्लो उल्केतल्या ट्रॉइलाइट या खनिजावर बेतलेल्या मापाशी ताडायचं; ते माप म्हणजे शून्य. फरक दर हजारी लिहितात.

खरी गोम पुढे आहे. मॅग्म्यातलं गंधक साधारण शून्याजवळ असतं, म्हणून शून्याजवळ आकडा आला की पोरं "मॅग्मा!" म्हणून मोकळी होतात. अरे, थांबा. आजच्या समुद्रातलं सल्फेट +२१ च्या घरात असतं. जिवाणू त्याचं सल्फाइड करताना हलकं गंधक आधी उचलतात. पूर ओसरल्यावर नाल्यातल्या काळ्या गाळाला सडक्या अंड्याचा वास येतो ना, त्यात हेच जिवाणू असतात. हा फरक कधी २०, कधी ४० च्याही पुढे. आता २१ मधून २० वजा करा बघू! म्हणून पंधरा-वीस ठिकाणी कोरा. आकडे एका जागी गोळा झाले तर मॅग्म्याचा विचार करा, उणे तीसपासून अधिक वीसपर्यंत विखुरले तर जिवाणूंचा. समुद्रही सगळ्या काळात +२१ नव्हता. पर्मियनच्या उत्तरार्धात, सुमारे पंचवीस-सव्वीस कोटी वर्षांपूर्वी, तो +१२ च्या आसपास होता. शेजारी त्याच काळचा बॅराइट (बेरियम सल्फेटचं खनिज) सापडला तर तोही मोजा.

स्फॅलेराइट-गॅलेना बिलगून असतील तर दोन्ही मोजा. ते समतोलात बनले असतील तर स्फॅलेराइट जड निघतो, ३०० अंशांना सुमारे २.२ ने; या फरकावरून तापमान काढता येतं. उलटं आलं, तर तापमान काढायच्या भानगडीत पडू नका. तोच काप पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावा.