नवी मुंबईत गोल्फचं मैदान सांभाळताय? आधी पाणी उतरून कुठे जातं ते बघा

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन मैदानावर फिरा आणि पाणी कुठून कुठे उतरतं त्याचा कागदावर साधा नकाशा काढा, बाकी सगळं यावर ठरतं. आपल्याकडे उतारावरचं पाणी नाल्यात, नाल्यातलं खाडीत जातं, आणि ठाणे खाडी म्हणजे फ्लेमिंगोंची जागा, 2022 पासून रामसर साइटपण आहे, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, फेकलेला युरिया तिथवर पोचतो हे डोक्यात पक्कं असू द्या.

खत जून ते सप्टेंबर शक्यतो टाकूच नका, आणि टाकायचंच असेल तर चारपाच दिवस उघडीप बघून, थोडं थोडं, हळू विरघळणारं टाका. मी सुरुवातीला एकदा जुलैत युरिया मारला होता, पंधरा दिवसांत तळं शेवाळानं हिरवं झालं आणि एका सकाळी मासे मरून वर आले, कारण शेवाळ रात्री पाण्यातला ऑक्सिजन ओढतं आणि कुजताना अजून संपवतं, ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्यानंतर माती तपासल्याशिवाय मी गोणी उघडत नाही, फॉस्फरस पुरेसा असेल तर कशाला अजून घालायचा?

तळं आणि नाल्याच्या काठी पाचसहा मीटर पट्टा कापायचाच नाही, उंच गवत वाढू द्यायचं, उतार जास्त असेल तर वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. मेंबर म्हणतील घाण दिसतंय, बॉल हरवतो, त्यांना एकदा पावसात तिथे नेऊन वरचं गढूळ पाणी आणि पट्ट्यातून गाळून खाली आलेलं पाणी दाखवा.

बर्म्युडा गवत बर्म्युडा गवत म्हणतात ती आपली हरळीच, गणपतीला दूर्वा वाहतो ती, चिवट आहे, तिला रोज पाणी लागत नाही. हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे, एक दिवस आड पण खोलवर द्या, एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, पाणी असेल तर उत्तम, फक्त त्यातले क्षार अधूनमधून तपासून घ्या. एका वेळी पात्याच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. फेअरवेवरचं, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या मोठ्या पट्ट्यावरचं, कापलेलं गवत तिथेच राहू द्या, त्यातला नायट्रोजन परत मातीत जातो. मुरमाची जमीन मशीनच्या वजनानं दबते, मग पाणी मुरत नाही नुसतं वाहतं, म्हणून पावसाळ्याआधी भोकं पाडून वाळू भरा.

औषध सगळ्या मैदानावर मारायचं नाही, रोग जिथे दिसतोय तेवढ्याच ठिकाणी, वारा पडलेला असताना, आणि फवारणारा माळीदादा मास्क-ग्लोव्हजशिवाय दिसला तर काम थांबवा. फवारणीचा पंप आणि मॉवर (गवत कापायचं मशीन) गटाराजवळ धुऊ नका.

पालापाचोळा जाळणं तर बंदच करा, आधीच इथली हवा हिवाळ्यात जड असते, त्याचं खड्ड्यात कंपोस्ट होतं. जमेल तसे बॅटरीवरचे मॉवर घ्या, सुरुवात ग्रीनवरच्या मशीनपासून केली तरी चालेल.