पोपटाचा डॉक्टर शोधताना या चुका टाळा

आमची चिंगी कॉकटील आहे, म्हणजे पोपटाच्याच जातीचा छोटा तुरेवाला पक्षी. पिवळसर पांढरी, गालावर केशरी टिकली. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी ती दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली, आणि तेव्हा कुठे मी मोबाईल उघडून ‘पक्ष्यांचे डॉक्टर’ शोधायला लागलो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

पोपटाच्या जातीचे पक्षी आजार लपवतात. रानात जो अशक्त दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून अंगात त्राण असेतो ते ठणठणीत असल्याचं सोंग वठवतात. तळाशी बसलेला पक्षी म्हणजे बहुधा कित्येक दिवसांचं दुखणं. त्यामुळे डॉक्टर शोधायचा तो पक्षी शिट्ट्या मारत असताना. एकदा नुसतं तपासून घ्या, वजन लिहून घ्या, रात्री-अपरात्री फोन उचलतात का तेही विचारून ठेवा.

‘जनावरांचा डॉक्टर आहे ना, मग झालं’

नाही झालं. बी.व्ही.एस्सी.ची पदवी आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी हवीच, पण त्या अभ्यासक्रमात भर असतो गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री यांच्यावर, आणि पक्ष्यांत कोंबडीवर. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांसमोर वर्षात किती पोपट येणार? दोष त्यांचा नाही. फोनवरच विचारा: आठवड्याला किती पक्षी बघता? ग्रॅममध्ये मोजणारा काटा आहे? भूल द्यायची वेळ आली तर आयसोफ्लुरेन (हुंगवून द्यायचं भुलीचं औषध) आहे? तुमच्याकडे नाही जमलं तर कुणाकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘पक्ष्यांचं मला फारसं येत नाही, अमुक ठिकाणी जा’ असं सरळ सांगणाऱ्या माणसावर माझा जास्त विश्वास बसतो. पत्ता मिळत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर, सगळीकडे आहेत. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतंच.

पाटी बघू नका, हात बघा

त्या रविवारी जो पहिला दवाखाना उघडा सापडला तिथे चिंगीला कोंबडीसारखी मुठीत धरली, अंगठा थेट छातीवर. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. छाती दाबली की श्वास बंद. तिची चोच आ वासली, डोळे अर्धे मिटले. मी म्हटलं, ‘सोडा तिला.’ वजन न करताच सुई भरायला घेतली होती, तीही थांबवली.

दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरांनी पाच मिनिटं पिंजऱ्याला हातच लावला नाही. श्वास घेताना शेपटी वर-खाली हलते का, एवढंच बघत बसले. मग दिवा मालवला, नॅपकिनने तिला अलगद उचललं, दोन बोटांत जबडा, छाती मोकळी. काट्यावर ७८ ग्रॅम. ‘एरवी किती असते?’ मला सांगता येईना. त्यांनी माझं बोट तिच्या छातीवरून फिरवलं. हाड सुरीच्या धारेसारखं लागत होतं, इतकी ती खंगली होती.

पक्ष्याचं औषध वजनावर ठरतं, आणि दोन-चार ग्रॅमनेही डोस बदलतो. कुत्र्याला चालणारं सगळं त्याला चालत नाही. प्रोकेन असलेलं पेनिसिलिन लहान पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतं, स्टिरॉइडनेही त्याची प्रतिकारशक्ती झपाट्याने खालावते. म्हणून काय टोचताय, किती टोचताय, हे विचारण्यात उर्मटपणा नाही. उत्तर द्यायला कुणी चिडलं तर पक्षी उचला आणि निघा.

आपल्याही चुका असतात

दवाखान्यात न्यायचं म्हणून मी पिंजरा घासूनपुसून लख्ख केला होता. डॉक्टरांना हवा होता तो खालचा मळका कागद! शीमध्ये तीन भाग दिसतात: हिरवट विष्ठा, पांढरा भाग आणि पाणी. त्यांचा रंग-प्रमाण बदललं की बरंच कळतं. कागद तसाच न्या.

दुकानदाराने औषध म्हणून दिलेली पिवळी पूड पाण्यात टाकू नका. आजारी पक्षी पाणी किती पितो, कुणी मोजलंय? ड्रॉपरने जबरदस्तीने साखरपाणी तर मुळीच नको, ते फुप्फुसात जाऊ शकतं. छोटा झाकलेला डबा, हवेला भोकं, बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, एवढं पुरे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलाय, स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा जळला होता, हे लाजेखातर लपवू नका.

आणि घरात कंठवाला मिठू असेल तर? आपला देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, म्हणून लोक त्याला मरेपर्यंत डॉक्टरांकडेच नेत नाहीत. त्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर फोन करा. आफ्रिकन ग्रेसारखा परदेशी पक्षी असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवरच्या नोंदणीचे कागद फाईलीत असू द्या.

चिंगी वाचली. आता दर शनिवारी चहाआधी ती राळ्याच्या कणसाच्या लालचीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढते आणि आकडा कालनिर्णयच्या चौकटीत जातो. मागच्या महिन्यात ९१ चे ८५ झाले. पिसं नीट होती, शिट्टीही चालू होती. तरी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ‘आजच घेऊन या.’